हेदवीअलीकडचे तीन किलोमीटर

उस्ताद छत्री वापरत नसत. हे आरंभीच स्पष्ट करणे भाग आहे, कारण त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी आमच्या चालणाऱ्या मंडळींनी जी पुस्तिका काढायचे ठरवले आहे, तिच्या मुखपृष्ठाच्या नमुन्यावर समुद्राच्या कडेने छत्री घेऊन निघालेला एक म्हातारा आहे आणि खाली उस्तादांचे नाव आहे. छत्री माझी होती. किनाऱ्याने चालताना ती मी अनेक वर्षे धरली आणि तितकीच वर्षे त्यांनी तिची टिंगल केली. "वकीलसाहेब, समुद्राला ऊन लागतंय का?" असे ते विचारत. ज्या वस्तूची माणसाने इतकी चेष्टा केली ती त्याच्या पश्चात त्याच्याच हातात द्यायची, याला मी श्रद्धांजली म्हणत नाही.

पुस्तिकेसाठी आलेले सगळे लेख माझ्याकडे तपासायला आले. ते आणून देणारी मुलगी विश्रांतवाडीला राहते, संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि पुस्तिकेचे संपादन तिच्याकडे आहे. "सर, तुम्ही फक्त एकदा फॅक्ट चेक करा. आणि तुमचं आर्टिकल मॅक्स हजार वर्ड्स," असे तिने जाताना बजावले. तपासणी मी केली. सतरा चुका निघाल्या. शब्दांची अट मी पाळणार नाही, हे तिने आताच समजून घ्यावे.

कोणी लिहिले आहे की उस्ताद अनवाणी चालत. खोटे. त्यांच्या पायात बूट असत, आणि त्या बुटांचे तळ त्यांनी स्वतः पुठ्ठा आणि रेक्झिन लावून बनवलेले असत. बूट शिवणाऱ्याचे काम पुस्तक शिवणाऱ्याने करू नये, हे त्यांना दरवर्षी पहिल्या खाडीशी कळे आणि दरवर्षी ते विसरत. दुसऱ्या कोणी लिहिले आहे की ते मितभाषी होते. तेही खोटे. ते फक्त ज्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही त्यांच्याशी बोलत नसत. लेख लिहिणाऱ्याने यातून काय तो बोध घ्यावा.

उस्ताद बाइंडर होते. भवानी पेठेतल्या एका बोळात त्यांचे दुकान होते. आजही आहे, त्यांचा मुलगा ते चालवतो. त्यांच्या पणजोबांनी याच बोळात बस्तान बसवले, आणि आपण मूळचे कुठले असे कोणी विचारले की उस्ताद बोट खाली करून जमीन दाखवत. मी चाळीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केली. निवाड्यांचे सुटे अंक वर्षाच्या शेवटी बांधून घ्यावे लागतात. त्या निमित्ताने माझे त्यांच्याकडे जाणे सुरू झाले. पहिल्याच वर्षी मी म्हणालो, "कडा जरा सारख्या करून घ्या."

"नाही करणार."

"का?"

"कडा सारख्या करायला सुरी फिरवावी लागते. सुरीला वाचता येत नाही."

मी अंक उचलून दुसरीकडे जायला हवे होते. मी तिथेच स्टुलावर बसलो आणि अर्धा तास वाद घातला. शेवटी कडा वेड्यावाकड्याच राहिल्या. माझ्या कपाटातले ते खंड आजही तसेच आहेत आणि त्यातला एकही शब्द कापलेला नाही.

सुरीबद्दलच्या या भीतीचे कारण मला बऱ्याच वर्षांनी कळले. उस्ताद सतरा वर्षांचे असताना एका वृद्ध प्राध्यापकांनी नकाशांचा एक मोठा जुना ग्रंथ बांधायला दिला होता. त्यातल्या कोकण किनाऱ्याच्या नकाशाची घडी किंचित बाहेर राहिली होती. कापायच्या यंत्राखाली ग्रंथ ठेवला, चाक फिरवले, आणि अर्धा इंच किनारा खाली पडला. प्राध्यापक रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, ती कातरलेली पट्टी तळहातावर घेऊन वाचली आणि म्हणाले, "सात गावं गेली रे." पट्टी त्यांनी उस्तादांनाच परत दिली. ती पुढे चाळीसहून अधिक वर्षे सुयांच्या डब्यात होती. मी ती पाहिली आहे. सातही नावे वाचता येतात.

पुस्तिकेत एका लेखकाने उस्तादांनी कसलीशी मन्नत मानली होती आणि म्हणून ते किनारा चालले, असे भक्तिभावाने लिहिले आहे. त्या गृहस्थांना नवसापलीकडचे कारण सुचले नाही, याला उस्ताद जबाबदार नाहीत. केळशीला एका अंगणात एका म्हातारीने हाच प्रश्न माझ्यादेखत विचारला होता. "इतक्या लांबसून चालत आलात ते? काय नवस हाय काय?"

"नवस नाही, बाई," उस्ताद म्हणाले. "सुरी घसरली होती."

म्हातारीने मान हलवली. तिला ते पुरेसे वाटले.

दुकान मुलाच्या हाती दिले त्या वर्षी त्यांनी चालायला सुरुवात केली. सात गावे मधल्या भागात, पण आरंभ त्यांनी रेवदंड्यापासून केला, कारण पुस्तक मधूनच शिवायला घेत नाहीत. तिथून दक्षिणेला, गोव्याची हद्द लागेपर्यंत. दर जानेवारीत चार दिवस. चारच, कारण पाचव्या दिवशी मुलगा कडा कापायला लागेल अशी त्यांना धास्ती होती. समुद्र कायम उजव्या हाताला. कोणत्याही वाहनात पाय ठेवायचा नाही. पुण्याहून पोहोचायला आणि परतायला एस्टी चाले. किनाऱ्यावर मात्र सायकलचा कॅरियरसुद्धा वर्ज्य. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा: चौथ्या दिवशी जिथे थांबू तिथल्या एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला, म्हणजे देवळाच्या पायरीला, धक्क्याच्या दगडाला, दर्ग्याच्या ओट्याला, तळहात लावायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच वस्तूला पुन्हा तळहात लावून निघायचे. याला ते टाका घालणे म्हणत. टाका चुकला की पान निसटते, एवढेच त्यांचे त्यावरचे भाष्य.

खाडी आली की तरीत, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसावे लागे. मी पहिल्याच वर्षी हरकत घेतली. "तर म्हणजे वाहन नाही का?"

"वाहन रस्त्यानं जातं. इथे रस्ता दाखवा, मी उतरतो."

कायद्याच्या दृष्टीने या युक्तिवादात काही दम नाही. मी तरीही तरीत बसलो.

रविवारी सरावासाठी ते भवानी पेठेतून खडकवासल्याच्या भिंतीपर्यंत चालत जात आणि बसने परत येत. हळूहळू त्यांच्यामागे दहा-बारा माणसे जमली. संपादक मुलगी त्यांतलीच, बरीच नंतरची. किनाऱ्यावर मात्र आम्ही तिघेच असू: उस्ताद, मी, आणि बँकेतून निवृत्त झालेले बिबवेवाडीचे एक गृहस्थ. हे गृहस्थ स्वभावाने गरीब, चालायला मध्यम आणि जेवायला उत्तम.

चालताना उस्तादांच्या तोंडी एकच उपदेश असे: "समास ठेवा हो." पानाच्या चारी कडांना बाइंडरसाठी कोरी जागा सोडतात, तो समास. त्यांच्या मते तो सगळ्याच गोष्टींना लागतो. भरतीच्या रेषेपासून चार हात आत चालायचे, हा समास. बाटलीत शेवटचे चार घोट राखायचे, हा समास. वाद घालताना समोरच्याला परत फिरायला वाट ठेवायची, हाही समास. आणि हे वाक्य ते नेहमी माझ्याकडे पाहून म्हणत.

मुक्कामाची त्यांची रीत जगावेगळी होती. गावात शिरल्यावर तुम्ही-आम्ही विचारू, राहायची सोय आहे का. ते पहिल्या घराशी उभे राहून विचारत, "घरात सुटलेलं पुस्तक आहे का?" लोक आधी चक्रावत. मग आतून पाने निखळलेली एखादी पोथी येई, शाळेचा शब्दकोश येई, पाककृतींचे पुस्तक येई. मशिदीजवळच्या घरांतून कुराण येई आणि ते स्वीकारण्यापूर्वी उस्ताद हात-पाय धुऊन येत. पोथीलाही ते तसेच हात धुऊन बसत. पडवीत मांडी घालून ते शिवायला लागले की घरातली माणसे भोवती बसत आणि त्या संध्याकाळी आमच्या जेवणाची व झोपण्याची चर्चा कधी करावीच लागत नसे. घडी दाबायची त्यांची हाडाची पट्टी होती. तिने ते पाने दाबत, बुटातली वाळू खरवडत आणि सकाळी भाकरीवर चटणी लावत. मधल्या वेळात ती धुतली जात असे. जात नसे, असे बँकेतल्या गृहस्थांनी लिहिले आहे. ते चूक आहे.

रोज चालून झाले की ते एका कागदावर त्या दिवसाचा किनारा काढत. सुताराची पेन्सिल, एकच रेघ, गावांची नावे. आणि पानाच्या तळाशी एक ओळ: उशिराचे कारण. रोज काही ना काही उशीर होईच, आणि तो का झाला हे लिहिल्याशिवाय त्यांचे पान पुरे होत नसे. 'तरीचा मालक जेवायला गेला.' 'आजींनी दुसऱ्यांदा वाढले.' 'माझा बूट.' आणि वारंवार: 'वकीलसाहेब भांडले. अर्धा तास.'

"हे बदनामीकारक आहे," मी एकदा म्हणालो.

"खोटं असेल तर खोडतो."

"अर्धा तास नव्हता. वीस मिनिटं होती."

दुसऱ्या दिवशीच्या पानाच्या तळाशी ओळ आली: 'वकीलसाहेब कालच्या अर्ध्या तासावर भांडले. पाऊण तास.'

आता सतरावी चूक. एका लेखात म्हटले आहे की उस्ताद सगळा किनारा एकही पाऊल न चुकता चालले. बँकेतल्या गृहस्थांच्या लेखात म्हटले आहे की वेळणेश्वराच्या पुढे उस्तादांना दम लागला आणि ते तीन किलोमीटर मासळीच्या टेंपोत बसले. 'ते ऐकून मला फार बरे वाटले, कारण त्याच दौऱ्यात मीही फोडांमुळे एस्टी पकडली होती. एवढा मोठा माणूस टेंपोत बसतो तर मी कोण?' असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. संपादक मुलीने दोन्ही वाक्यांखाली रेघ मारून समासात विचारले आहे: 'सर, विच वन इज करेक्ट?'

दोन्ही चूक आहेत. काय झाले ते मी सांगतो. सांगण्याचा अधिकार असलेला दुसरा कोणी आता उरलेला नाही.

पाचवे वर्ष होते. गुहागरला पोहोचलो तेव्हा बँकेतल्या गृहस्थांच्या दोन्ही टाचांना फोड आले होते. ते एस्टी स्थानकाकडे लंगडत निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर फलाटापर्यंत गेलो. निरोप द्यायला नाही. "लवकर बसा," मी चारचौघांत मोठ्याने म्हणालो, "बँक बंद व्हायच्या आत पोहोचाल. किनारा काय, खिडकीतूनही दिसतो." ते हसले. उस्ताद हसले नाहीत. परत येताना ते एवढेच म्हणाले, "समास नाही ठेवलात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वेळणेश्वराला आलो. त्या रात्री मला ताप भरला. मी कोणाला सांगितले नाही. आदल्याच दिवशी फलाटावर जे बोललो होतो, त्यानंतर सांगणे शक्य नव्हते. सकाळी दोन गोळ्या घेतल्या, छत्री उघडली आणि नेहमीपेक्षा जोरात चालायला लागलो. उस्तादांनी दोनदा विचारले, "बरं आहे ना?" मी दोन्ही वेळा चिडून उत्तर दिले.

वेळणेश्वराहून हेदवीकडे जाताना कड्याखालून वाट नाही. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, यावे लागते. काळा-तांबडा कातळ, वाळलेले गवत, मधून डांबरी रस्ता, आणि उजवीकडे खाली खोल समुद्र. अकराच्या सुमारास 'हेदवी ३' असे लिहिलेल्या मैलाच्या दगडाजवळ मला समुद्र पांढरा दिसायला लागला. मग कातळ पांढरा दिसायला लागला. त्यानंतरचे मला तुकड्यांनी आठवते. माझे डोके कोणाच्या तरी मांडीवर होते. राखून ठेवलेले चार घोट माझ्या तोंडात पडत होते. आणि उस्ताद, ज्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, ते रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून ओरडत होते.

मासळीचा टेंपो थांबला. चालकाने विचारले असावे, पुढे बसता का. पण पुढे जागा एकाचीच होती आणि मला आडवे करायचे होते. उस्ताद माझ्यासकट मागे चढले, बर्फाच्या पेट्यांमध्ये बसले आणि माझे डोके त्यांनी पुन्हा मांडीवर घेतले. पाच वर्षांत ज्या माणसाने किनाऱ्यावर सायकलच्या कॅरियरला पाय लावला नव्हता, त्याला टेंपोत चढायला किती वेळ लागला? मी आठवून पाहिले आहे. वेळ लागलाच नाही. मैलाच्या दगडाला तळहात लावायलासुद्धा ते थांबले नाहीत. दगड दोन हातांवर होता.

हेदवीच्या डॉक्टरांनी मला वाचवले, असे माझी पत्नी म्हणते. डॉक्टरांनी सलाइन लावले. आम्ही ज्या घरी राहिलो तिथे उस्तादांनी दोन दिवसांत अकरा पुस्तके शिवली आणि अधूनमधून उठून माझ्या कपाळाला हात लावला. एस्टीत बसताना मी म्हणालो, "पुण्यात हे..."

"पुण्यात काय?" ते म्हणाले. "झोपा."

पुढच्या रविवारी खडकवासल्याच्या वाटेवर, चहाच्या टपरीवर, बँकेतल्या गृहस्थांनी विचारले, "मग? कुठपर्यंत गेलात?"

"हेदवीपर्यंत," उस्ताद म्हणाले. "पण शेवटचे तीन किलोमीटर टेंपोत. मला दम लागला."

मग बँकेतल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. "आणि तुम्ही?"

"मी त्यांच्यासोबत होतो," मी म्हणालो.

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. चाळीस वर्षे मी साक्षीदारांना अशीच वाक्ये बोलायला शिकवली होती. उस्तादांनी चहा संपवला आणि आम्ही पुढे चालायला लागलो.

पुढच्या जानेवारीत निघण्याआधी त्यांनी विचारले, "कुठून?" तो दगड त्यांनाही माहीत होता, मलाही. पण बँकेतले गृहस्थ बरोबर होते. तीन किलोमीटर मागे जाऊन त्या दगडापाशी उभे राहायचे म्हणजे तिथे काय झाले ते आज ना उद्या निघणार. मी म्हणालो, "हेदवीहून."

"बरं," ते म्हणाले. नंतर, गृहस्थ तिकिटे काढायला गेले तेव्हा, हळू आवाजात: "तो तुकडा तुमचा. तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ."

हेदवीला पोहोचल्यावर त्यांचा हात सवयीने पुढे झाला. आदल्या वर्षी तिथे टाका घातलाच नव्हता, त्यामुळे लावायला काही नव्हते. त्यांनी तो खिशात घातला आणि समुद्र उजव्या हाताला घेऊन चालायला लागले.

टेंपोच्या त्या वर्षानंतर सहा वर्षांनी आम्ही रेडीच्या पुढे गोव्याच्या हद्दीशी पोहोचलो. बँकेतल्या गृहस्थांनी पेढे आणले होते. उस्तादांनी एका पुलाच्या कठड्याला तळहात लावला, पेढा घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "एक पान राहिलंय."

मी म्हणालो, "पाहू पुढच्या वर्षी."

पाच वेळा मी असे म्हणालो. त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही, आणि एकटे जाऊन तो तुकडा भरूनही टाकला नाही. तीन किलोमीटर, रविवारच्या सरावात ते त्याच्या पाचपट चालत. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी रोज जात होतो. एके दिवशी त्यांनी विचारले, "पाय कसे आहेत तुमचे?"

"उत्तम."

"मग झालं," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मला कळले होते. मी त्या खोलीत आणखी तासभर बसलो आणि पुण्याच्या वाहतुकीबद्दल बोललो.

ते गेल्यानंतर चाळिसाव्याचे विधी झाले आणि त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक खंड त्याने टेबलावर ठेवला. "अब्बांनी सांगितलं होतं, हे वकीलसाहेबांकडे द्यायचं. काम बाकी आहे म्हणाले."

किनाऱ्याची सगळी पाने त्यांनी बांधली होती. कडा कापलेल्या नव्हत्या. मी एकेक पान उलटत गेलो. 'माझा बूट.' 'आजींनी दुसऱ्यांदा वाढले.' 'वकीलसाहेब भांडले.' हेदवीचे पान आले. त्याच्या आधीचे पान मैलाच्या दगडापाशी थांबत होते. त्या दोहोंमध्ये दोन बोटे रुंदीची एक कापडी पट्टी शिवलेली होती. पुढेमागे एखादे पान येणार असेल तर बाइंडर अशी पट्टी सोडून ठेवतो, म्हणजे सगळे पुस्तक न उसवता ते तिथे चिकटवता येते. माझ्या निवाड्यांच्या खंडांत त्यांनी अशा कितीतरी पट्ट्या सोडल्या होत्या. ज्या पानाची खात्री असते त्याच्यासाठीच सोडतात.

डिसेंबरात तपासायला आलेल्या लेखांत टेंपोचे ते वाक्य वाचले, तेव्हा मी बिबवेवाडीला फोन लावला आणि बँकेतल्या गृहस्थांना सगळे सांगितले. ताप, दगड, टेंपो, टपरी. टेंपोचे त्यांनी मला दोनदा सांगायला लावले.

"म्हणजे," ते अखेर म्हणाले, "अकरा वर्षं मी ज्या माणसाच्या आधारावर समाधान मानलं, ते तुम्ही होतात."

"हो."

"समाधान एकदम कमी झालं हो."

"मी जानेवारीत जाणार आहे," मी म्हणालो. "एकटा."

"एकटे कशाला? मी येतो. तुमच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? साक्षीदार नको का?"

त्यांना तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता आणि त्यांच्या समासाचे मला पहिल्यांदाच कौतुक वाटले.

गेल्या महिन्यात आम्ही जाऊन आलो. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, ते चौऱ्याहत्तर वर्षांचे. संपादक मुलीने आपली गाडी काढली. सड्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "सर, मी कार एकदम स्लो मागून आणते ना, जस्ट इन केस?"

"तू हेदवीला जाऊन थांब," मी म्हणालो. "गाडीचा आवाजसुद्धा येता कामा नये."

मैलाचा दगड नव्हता. रस्ता रुंद झाला होता, दगड गेला होता, त्याच्या जागी काहीच नव्हते. मी म्हणालो तो या गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी, होता. गृहस्थ म्हणाले हा गडगा नवा दिसतो. मी म्हणालो तुम्ही त्या दिवशी इथे नव्हतात. ते म्हणाले असणार कसा, मी खिडकीतून किनारा पाहत होतो. ही जखम त्यांनी अकरा वर्षे इतकी स्वच्छ जपली असेल असे मला वाटले नव्हते. फलाटावरच्या त्या बोलण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बरं बरं. आता निघायचं कुठून ते ठरवा, ऊन वाढतंय."

"समास ठेवू," मी म्हणालो.

म्हणून आम्ही अर्धा किलोमीटर मागे गेलो, तिथल्या उघड्या कातळाला दोघांनी तळहात लावले आणि तिथून निघालो. दगड जिथे कुठे असेल तिथून आम्ही नक्की गेलो आहोत. छत्री मी पुण्यालाच ठेवली होती. समुद्र उजव्या हाताला होता. उतारावर गृहस्थांनी माझा दंड धरला. मी झटकला नाही. हेदवीच्या वाळूवर पोहोचायला आम्हाला सव्वादोन तास लागले. जिथे उस्तादांनी हात खिशात घातला होता ती जागा मला पक्की आठवते. तिथे मी वाळूलाच हात लावला, न हलणारे काही जवळ नव्हते.

पुण्यात आल्यावर मी सुताराची पेन्सिल आणली आणि रेघ काढली. ती वाईट आहे. किनारा असा कुठेही वळत नाही, असे गृहस्थांचे मत आहे आणि ते बरोबर आहे. उस्तादांच्या मुलाने खळ लावून दिली, पट्टीवर पान मी माझ्या हाताने बसवले. ते थोडे तिरके बसले. बाहेर आलेली कड कापू का, असे मुलाने विचारले. मी नाही म्हणालो.

हा लेख पुस्तिकेत जसाच्या तसा छापावा, मुखपृष्ठावरची छत्री काढून टाकावी, आणि ज्याला माझ्या सांगण्यावर शंका असेल त्याने माझ्या घरी येऊन तो खंड पाहावा. पान सापडायला त्रास होणार नाही; सगळ्यांत वाकडी रेघ तीच. तळाशी त्यांच्या पद्धतीने एक ओळ लिहिली आहे.

उशिराचे कारण: वकीलसाहेब गप्प बसले. अकरा वर्षे.